चॉकलेटी चुडा

नवरीच्या हातात पहिली बांगडी चढली आणि ओसरीवरचं गाणं थांबलं.

अतिकने मान वर केली नाही. परक्या घरच्या लेकीला बांगड्या भरताना नजर मनगटाच्या वर जाऊ द्यायची नाही, हे अब्बांनी त्याला लहानपणीच शिकवलं होतं. त्याने मयुरीच्या हाताला पुन्हा थोडं तेल लावलं, अंगठ्याचा सांधा आत दाबला आणि दुसरी बांगडी सरकवायला घेतली. तेवढ्यात नवरीची आत्या बेबाबाई गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकली.

“थांब, थांब. हे काय भरून राह्यला तू?”

“चुडा, आत्या.”

“चुडा दिसून राह्यला मले. पन कोन्त्या रंगाचा हाय थो?”

अतिकने हातातल्या बांगडीकडे पाहिलं. मग बायकांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. काहीतरी चुकलंय एवढं त्याला चेहऱ्यांवरून कळलं. काय चुकलंय ते मात्र बेबाबाईनेच सांगितलं.

“चॉकलेटी! अवो बाया हो, पाहा तरी! उद्या हयद लागनाऱ्या पोरीले चॉकलेटी चुडा! नूर महंमदनं हे नवीन काढलं का आता?”

“अवो, थो पायलट हाय,” मागून कोणीतरी म्हणालं. “वरतून त्याले शेत आन रस्ता सारखाच दिसत असंन.”

ओसरी खदखदून हसली. नशिराबादच्या पुढच्या या गावात केळीच्या बागांवरून शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालतात. जळगावच्या बांगडीवाल्या मण्याराचा पोरगा पायलट व्हायचं म्हणतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या अब्बांनी, नूर महंमदनेच, ते घरोघर सांगितलं होतं.

“काढ ते आधी,” बेबाबाई म्हणाली.

अतिकने घाईने बांगडी उलटी ओढली. ती अंगठ्याच्या हाडाशी अडली, त्याने जोर केला आणि काच कडकन तुटली. मयुरीच्या तळहाताच्या कडेला बारीक रक्ताची रेघ उमटली. बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. लग्नघरात तर नक्कीच म्हणत नाहीत. पण त्या क्षणी बेबाबाईलाही ते भान राहिलं नाही. “फोडली!” ती ओरडली.

मयुरीने हात पदराखाली घेतला. “लागलं नाही जास्त,” ती हळूच म्हणाली.

तिची आई मंदाबाई पुढे आली. तिने खोकं उचलून पाहिलं. “अतिक, सकायी मी फोन केल्ता ना तुले? पोरीचा हात भरला हाय, दोन-चार नाही, दोन-सहाचं माप आन म्हने. माप बरोब्बर आन्लं आन रंग इसरला?”

“काकू, दुकानात खोकं बदललं असेल,” अतिक म्हणाला.

मंदाबाईच्या पुतण्याने मोटारसायकल काढली आणि नशिराबादच्या दुकानातून हिरव्या बांगड्या आणल्या. त्या भरायला शेजारची एक म्हातारी बसली. अतिक ओट्याच्या टोकाला, चपलांजवळ बसून राहिला. चुडा पुरता भरून होईपर्यंत मण्याराने उठायचं नसतं. शेवटी सगळं आटोपल्यावर मंदाबाईचे यजमान तोतारामनाना सूप घेऊन आले. सुपात गहू, गूळ, नारळ आणि खण होता. मण्याराचा मान. दर लग्नात तो द्यायचा असतो, आणि त्यांनी तो दिला, एका दाण्याने कमी न करता. नाही म्हणायची सोय नव्हती. अतिकने मान खाली घालून ते सगळं पिशवीत भरलं. नारळ चॉकलेटी बांगड्यांच्या खोक्यावर बसला.

*

तो जुन्या जळगावात घरी पोचायच्या आधी तोतारामनानांचा फोन पोचला होता. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं नूर महंमद नंतर बरेचदा म्हणाले. तोतारामनाना इतकंच म्हणाले होते, “नूरभाऊ, पोराले विमान चालवू द्या. आमच्या घरच्या बांगड्या तुम्हीच आनत जा.”

त्या घरचा चुडा नूर महंमदच्या आजोबांपासून याच दुकानातून जात होता. त्या दिवशी एकाच मुहूर्तावर दोन घरं आली होती. मेहरूणमधलं मोठं काम होतं, तिथे नूर महंमद आणि त्यांची मुलगी मिसबाह गेली. दुसऱ्या घरी अतिकला पाठवलं. सकाळी निघण्यापूर्वी मिसबाहने दोन्ही पिशव्या भरून ठेवल्या होत्या.

“पिशवी कोणी भरली होती?” नूर महंमदने विचारलं. ते अजून टोपी न काढता खाटेवर बसले होते.

“मी,” मिसबाह म्हणाली.

“आणि तू उघडून पाहिली नाहीस?” हे अतिकला.

याच ठिकाणी अतिकला खरं सांगता आलं असतं. मिसबाहने दोन-चारचं हिरवं खोकं बरोबर भरलं होतं. ते दोघं गेल्यावर मंदाबाईचा फोन आला, तेव्हा त्यानेच ते काढून ठेवलं आणि फळीवरून दोन-सहाचं घेतलं. आदल्या दिवशी फिरोजाबादहून नवा माल आला होता आणि फळीवरच्या जागा बदलल्या होत्या. त्याने नेहमीच्या जागेवर हात घातला. खोकं उघडूनही पाहिलं. पाहून त्याला काही कळणार नव्हतं.

“आपाने दिली तशी नेली,” तो म्हणाला. “मला वाटलं, तिने पाहिलंच असेल.”

मिसबाहने पिशवीतून खोकं काढलं. त्याच्या कडेला मापाचा शिक्का होता. तिने तो वाचला, अंगठ्याने एकदा पुसल्यासारखं केलं आणि अतिककडे पाहिलं. मग झाकण लावलं.

“माझी चूक झाली, अब्बा,” ती म्हणाली.

दोघांची आई हसीनाबी चुलीपासून उठून दारात आल्या. “मी पहिल्यापासून सांगत होते, पोरीला गल्ल्यावर बसवू नका. तुम्हीच म्हणालात, तिची नजर लाख मोलाची.”

“होतीच लाख मोलाची,” नूर महंमद म्हणाले. “उद्यापासून घरात बस, मिसबाह. अतिक बसेल, जोपर्यंत त्याचं पुढचं होत नाही तोपर्यंत.”

मिसबाह बावीस वर्षांची होती, अतिकपेक्षा तीन वर्षांनी मोठी. दुकानात बसण्यासाठी ती दोन वर्षं बापाशी भांडली होती. बायका तिच्याकडे साडी आणायच्याही नाहीत. ‘काल नेसले होते ती’ एवढं म्हटलं तरी ती फळीवरून नेमका रंग काढून द्यायची. कासोद्याहून, भुसावळहून बायका तिला विचारत यायच्या.

संध्याकाळी गच्चीवर ती वाळलेले कपडे काढत होती. अतिक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला.

“आपा, तू बोलली का नाहीस?”

“चार दिवसांनी धुळ्याला जायचंय ना तुला? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे?”

“हो.”

“मग जा.”

“आणि तू?”

“मी घरात. भांडी घासेन. भांड्यांना रंग नसतो, तिथे चूक होत नाही.” तिने त्याचाच शर्ट त्याच्या अंगावर फेकला. “हा निळा आहे. तुला दिसतो म्हणून सांगते.”

*

मिसबाहला हे ती बारा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. अतिक तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि शाळेच्या चित्रात त्याने झाडाचं खोड आणि पानं एकाच खडूने रंगवली होती. पुढे तो दुकानात मदतीला बसू लागला, तेव्हा हिलालभाऊंच्या सुनेला हिरव्याऐवजी तपकिरी डझन दिला म्हणून अब्बांनी गिऱ्हाइकांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. ‘अंधा है क्या?’ असं ते म्हणाले होते. ते वाक्य दोघा भावंडांनी आपापसात पुढे कधीच उच्चारलं नाही. त्या आठवड्यात मिसबाहने सुईने सगळ्या खोक्यांच्या कडेला खुणा कोरल्या. हिरव्याला एक आडवी रेघ, लालला फुली, मरूनला दोन टिंबं, चॉकलेटीला काहीच नाही. नवा माल आला की ती दुसऱ्या दिवशी गुपचूप खुणा कोरायची. लग्नाच्या गडबडीत तेवढं राहून गेलं होतं.

अतिकला विमानांचं वेड लागलं ते याच काळात. शाळेतून येताना तो कुसुंब्याच्या धावपट्टीच्या कुंपणाशी उभा राहायचा. वर सगळे आकडे असतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. उंची, वेग, दिशा, इंधन. आकड्यांशी त्याचं चांगलं जमायचं. आकाशात कोणी ब्लाउजपीस हातात देऊन ‘याला मॅचिंग दे’ म्हणणार नव्हतं. तो बारावीला विज्ञान शाखेत गणितात पहिला आला, आणि नूर महंमदने पुढचा सगळा रस्ता पाठ करून टाकला. बांगड्या भरता भरता ते गिऱ्हाइकांना सांगायचे, “आधी डोळे, कान, छाती, सगळं तपासतात. मग पेपर असतात, हवेचा, नकाशाचा, कायद्याचा. मग दोनशे तास उडायचं. मग लायसन. मग कंपनी आणखी एका मोठ्या विमानाचं शिकवते. मग टोपी.” टोपीवर ते थांबायचे.

धुळ्याच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं प्रेमराजने. प्रेमराज दोंडाईच्याच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर तो विमान शिकत होता. फोनवर त्याची आणि अतिकची ओळख झाली होती. “सरकारी मेडिकलच्या आधी खासगीत डोळे दाखवून घे,” प्रेमराज म्हणाला होता. “लोकं फीबी भरून बसतात आणि मग कळतं, रंग दिसत नाही. घरी तोंड दाखवायची सोय राहत नाही.”

तेव्हाच अतिकने रंग तपासायची ठिपक्यांची पानं फोनवर शोधली. रंगीत ठिपक्यांच्या गोलात आकडा लपवलेला असतो. पहिला आकडा त्याला दिसला. पुढच्या पानांवर त्याला ठिपके दिसले. मग त्याने दुकानात करायचा तेच केलं. कुठल्या जागेवर काय आहे, ते पाठ केलं.

*

धुळ्याला नूर महंमदही सोबत गेले. त्यांनी नवा सदरा घातला होता. बसस्थानकावर उतरल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, “कथा जानं शे, काका?” आणि नूर महंमदने दवाखान्याचं नाव सांगायच्या ऐवजी सांगितलं, “पोराला पायलट करायचंय.”

“मंग बठ्ठा पोऱ्या आठेच येतस,” रिक्षावाला म्हणाला. सगळी पोरं इथेच येतात म्हणे. “बसा.”

डॉक्टरबाई वयस्क होत्या, आवाजाने शांत. त्यांनी लांबची अक्षरं वाचून घेतली, डोळ्यांत उजेड पाडून पाहिला. मग कपाटातून ते पुस्तक काढलं. नूर महंमद भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर टोपी घेऊन.

“दिसेल तो आकडा सांगायचा. फार विचार करायचा नाही.”

“बारा,” अतिक म्हणाला. तो खराच दिसत होता.

पान उलटलं.

“आठ.”

“पुढे.”

“सहा. एकोणतीस. सत्तावन्न.”

तो थांबला नाही. प्रत्येक पानावर तोच मळकट ठिपक्यांचा ढीग होता आणि प्रत्येक पानावर तो एकेक आकडा ठेवत गेला, फळीवर खोकी ठेवावी तसा. मागे अब्बांच्या श्वासाचा आवाज येत होता. प्रत्येक आकड्यानंतर डॉक्टरबाई ‘हं’ म्हणत, की अब्बाही अगदी हळू ‘हं’ म्हणत. ते रंगांचे जाणकार होते. त्यांना सगळे आकडे लख्ख दिसत होते आणि पोरगा त्यातला एकही चुकत नव्हता.

“छान,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रंग उत्तम आहेत.”

“बांगड्यांच्या दुकानात वाढलाय, मॅडम,” नूर महंमद म्हणाले. “आमच्या घरात सगळ्यांची नजर पक्की.”

अतिक मिटलेल्या पुस्तकाकडे पाहत राहिला. डॉक्टरबाई कागदावर लिहीत होत्या आणि त्याला वाटत होतं, त्यांनी मध्येच थांबावं, एक पान उलटसुलट उघडावं आणि म्हणावं, हे सांग. त्यांनी सही केली.

तिथून ते गोंदूरला गेले. नूर महंमदना धावपट्टी पाहायचीच होती. प्रेमराज कुंपणापाशी आला. कडुनिंबाखाली उभं राहून तिघांनी चहा घेतला. दिवस मावळत होता. एक लहान विमान उतरून वळत होतं, आणि त्याच्या पंखांच्या टोकांना दिवे लागले होते.

“वा!” नूर महंमद म्हणाले. “एका टोकाला लाल, एका टोकाला हिरवा. लग्नाच्या खोक्यासारखं.”

प्रेमराज हसला. “डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, काका. समोर दुसरं विमान असलं की या दिव्यांवरूनच कळतं, ते आपल्याकडे येतंय की लांब चाललंय. आणि रेडिओ बंद पडला ना, तर टॉवरवरून दिवा दाखवतात. हिरवा दाखवला तर उतरा. लाल दाखवला तर उतरू नका, घिरट्या घाला.”

“म्हणजे सगळं रंगावरच,” नूर महंमदने अतिकच्या पाठीवर हात ठेवला. “ऐक, ऐक.”

अतिक पाहत होता. दोन दिवे होते, एक किंचित उजळ, दोन्ही पिवळसर. विमान आणखी वळलं. ते इकडे येत होतं की तिकडे जात होतं, ते त्याला चाकं पाहून कळलं. चाकं दिसेनाशी झाल्यावर कळलं नाही.

*

घरी पेढे आले. हसीनाबींनी ते गल्लीत वाटले, आणि एक पुडा कोणाहाती मंदाबाईच्या गावीही धाडला. मिसबाहने आपला पेढा घेतला, मोडून अर्धा आईला दिला आणि “मुबारक” म्हणाली. ती चेष्टा नव्हती, पण तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दुकानात आता तो आणि अब्बा असत. नव्या मालावर खुणा नव्हत्या. जुन्या खोक्यांवर होत्या, पण त्या संपत चालल्या होत्या. अब्बा असतील तेव्हा अतिक मापं काढायचा, पैसे घ्यायचा. अब्बा नमाजाला गेले की संकट यायचं. ब्लाउजपीस घेऊन बाई आली, की तो ‘हा शेड उद्या येईल’ म्हणायचा. एक जण चिडून म्हणाली, “उद्या, उद्या काय लावलंय? समोरच तर दिसतोय शेड! मिसबाह कुठाय?”

“घरी आहे.”

“लग्न ठरलं का तिचं?”

“नाही.”

“मग घरी कशाला?”

हे सगळ्या जणी विचारत. तो फळीवरची खोकी नीट लावायला वळे. संध्याकाळी घरी गेल्यावर मिसबाह भाकऱ्या करत असे, तो ताटावर बसे, आणि ती त्याला वाढत असे. तो रोज ठरवायचा, जेवून झालं की अब्बांशी बोलू. मग अब्बा जेवता जेवता विचारायचे, “पुढचं मेडिकल कधी रे?” आणि तो तारीख सांगायचा.

त्याने हिशोब करून ठेवला होता. मोठ्या मेडिकलनंतर सांगू. मग वाटलं, पेपर झाल्यावर. टोपी घालून सांगितलं तर आपाही हसेल. पण त्याला गोंदूरचे दोन पिवळसर दिवे आठवायचे आणि हिशोब तिथेच मोडायचा.

लग्नाला पंधरवडा झाला आणि मंदाबाई दुकानात आली. सोबत मयुरी होती, माहेरपणाला आलेली. हातात नशिराबादच्या दुकानाचा हिरवा चुडा होता. दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती.

नूर महंमद गादीवरून उठले. त्यांनी दोन्ही हात जोडले. “मंदाताई, तुमच्या दारात यायला मला तोंड राहिलं नाही. चार पिढ्यांत असं कधी झालं नव्हतं.”

“जाऊ द्या हो, भाऊ. पोर सुखात हाय. साडीवर बांगड्या घ्यायच्या तिच्या. मिसबाह कुठी हाय? तिच्याच हातच्या पाह्यजे.”

“तिला घरी बसवलं. तिनेच पिशवी भरली होती ना. पोरीची चूक झाली, शिक्षा झाली.”

मंदाबाईच्या कपाळावर आठी पडली. “मिसबाहची चूक? आता तिची कशी काय? फोन तर मी…”

“काकू, थांबा,” अतिक म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो फळीला पाठ लावून उभा होता.

“अब्बा, आपाने हिरवाच भरला होता. दोन-चारचा. काकूंचा फोन आला म्हणून मी खोकं बदललं. मी पाहून घेतलं होतं. मला दिसलं नाही.”

“काय दिसलं नाही?”

“हिरवा. मला हिरवा आणि चॉकलेटी सारखाच दिसतो. लालसुद्धा कधी कधी.”

नूर महंमदने हाताला आलं ते खोकं उघडून त्याच्यासमोर धरलं. “हा कोणता?”

“माहीत नाही, अब्बा.”

“सांग ना. काय दिसतो?”

“मातीसारखा.”

“आणि हा?”

“तसाच. थोडा काळा.”

“अग बाई, हा माझा पदर कोन्ता दिसतो रे तुले?” शेजारच्या गिऱ्हाईक बाईने पदर पुढे केला. दुसरीने हातातली थैली वर धरली. “आन हे?” “आन त्या समोरच्या दुकानाची पाटी?” कोणाच्या मनात वाईट नव्हतं. एखादा पोपट बोलतो म्हटल्यावर सगळे त्याला बोलायला लावतात, तसं चाललं होतं. अतिक एकेकाचं उत्तर देत राहिला. बहुतेक चुकली. दोन-तीन वेळा बायका हसल्या.

मयुरी हसली नाही. “पन मंग डोयाच्या परीक्षेत पास कसा झाला तू?” तिने विचारलं. “तुमचे पेढे आले होते आमच्याकडं.”

“पाठ करून,” अतिक म्हणाला.

त्यावर कोणीच पदर पुढे केला नाही.

नूर महंमद गादीच्या कडेला बसले. “हिलालभाऊच्या सुनेच्या बांगड्या,” ते म्हणाले. “तेव्हा पण?”

“जन्मापासून.”

“मी मारलं होतं तुला.” ते हाताकडे पाहत होते. “आणि मिसबाहला माहीत होतं हे?”

“लहानपणापासून.”

“तरी ती म्हणाली, माझी चूक झाली.”

“हो.”

नूर महंमद उठले. चपला न घालता, गल्ला उघडा टाकून ते रस्त्यावर उतरले आणि घराच्या दिशेने चालू लागले. इतकी वर्षं दुकान चालवताना गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते असे कधी उठले नव्हते.

मंदाबाईने स्टूल ओढलं. “बस रे,” ती अतिकला म्हणाली. “आम्ही थांबतो.” थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, तिने विचारलं, “मी बोलनारच होती. म्हनून बोलला का तू?”

अतिकला खरंच ठाऊक नव्हतं. मंदाबाईने फोनचं नाव काढलं नसतं, तर आजही तो ‘उद्या शेड येईल’ म्हणत उभा राहिला असता का, या प्रश्नाचं उत्तर आता त्याला कधीच मिळणार नव्हतं. तिने एक वाक्य पूर्ण केलं नाही आणि त्याने एक वाक्य सुरू केलं. या दोहोंच्या मधे किती अंतर होतं, ते कोणालाच मोजता आलं नसतं.

मिसबाह आली ती बापाच्या पुढे चालत. डोळे लाल झाले असावेत. अतिकला ते पापण्यांच्या सुजेवरून कळलं. नूर महंमद तिच्या मागे, अनवाणी. घरात त्यांचं काय बोलणं झालं, ते अतिकला पुढेही कोणी सांगितलं नाही. तिने मयुरीच्या साडीचा काठ दोन बोटांत धरला, वळून फळीवरचं खोकं काढलं आणि मयुरीचा हात हातात घेतला. तळहाताच्या कडेला बारीक व्रण राहिला होता. तिथे तिने जास्तीचं तेल लावलं.

गिऱ्हाइकं गेल्यावर तिने गल्ल्यातून जाड मार्कर काढला आणि खोक्यांच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहायला लागली. हिरवा. लाल. मरून. चॉकलेटी. फळीची फळी.

“आपा,” अतिक म्हणाला, “माफ कर.”

“मंदाबाई यायच्या आधी बोलला असतास, तर केलं असतं.” ती लिहीत राहिली. “आता बघू.”

नूर महंमद ती अक्षरं पाहत होते. “इतकंच करायचं होतं?” ते म्हणाले. कोणाला विचारलं ते कळलं नाही.

*

धुळ्याला दुसऱ्यांदा तो एकटा गेला. ‘मी येऊ का?’ असं अब्बांनी एकदा विचारलं, पण टोपीकडे हात नेला नाही. तो नको म्हणाला.

डॉक्टरबाईंना त्याचा चेहरा आठवला. “पायलट ना तू? काय झालं?”

“मॅडम, मागच्या वेळी मी पाठ करून आलो होतो. तुम्ही दिलेला कागद परत करायला आलोय.”

त्यांनी चष्मा काढला. रागावतील, अशी तयारी करून तो आला होता. त्यांनी तो कागद घेऊन बाजूला ठेवला.

“खासगी तपासणी होती ही. मला फसवून तुला काय मिळणार होतं? तुझे वडील बसले होते म्हणून?”

त्याने मान डोलावली.

“कंदिलाची एक वेगळी परीक्षा असते,” त्या म्हणाल्या. “दिव्यांची. काही मुलं ठिपक्यांत नापास होतात आणि तिथे पास होतात. तुझं काय होईल, मी सांगू शकत नाही. आधी खरं किती दिसतं ते बघू. बस.”

त्यांनी पुस्तक काढलं. या वेळी ते मधूनच कुठेतरी उघडलं. अतिकला पान ओळखीचं वाटलं. त्यावरचा आकडा जिभेवर आला, आपोआप, जागेसकट. तो त्याने गिळला.

“काय दिसतं?”

“ठिपके,” तो म्हणाला.

“आकडा?”

“नाही दिसत.”

डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.